धम्मपालनं कॉम्प्युटर ऐकला

अनसिंगात गिरणी घरघरायला लागली की गिरणीवाला मिस्त्रीच्या आधी धम्मपालला बोलवायचा. धम्मपाल दारात उभा राहायचा, डोळे मिटायचा, त्या सगळ्या गोंगाटात मान जराशी वाकडी करायचा अन् सांगायचा, "पट्ट्याले काई झालं नाई. डाव्या अंगाचं बेअरिंग गेलं." मग मिस्त्री यायचा, खोलून पाहायचा, तर डाव्या अंगाचंच बेअरिंग गेलेलं. जयंतीच्या मिरवणुकीत गाड्यावरच्या सहा स्पीकरांतला एखादा फाटला, तर हा पठ्ठ्या मागून चालता चालता बोट दाखवायचा, खालून दुसरा. लोक म्हणायचे, या माणसाच्या कानात सोनाराचा काटा बसवलाय. खोटं नव्हतं ते. पण कानात काटा घेऊन जगणाऱ्याचं काय होतं, हे कोणी विचारलं नाही. लोकांना काय, त्यांचं बेअरिंग सापडलं की झालं.

त्याची बायको रंजीता मात्र या कानाला पुरती वैतागली होती. "घरात भांडं पडलं त मानूस इचारते काय पडलं," ती शेजारणींना सांगायची, "हे म्हनतात निषाद पडला." पण तिच्याजवळ एक हुकमाचा एक्का होता. धम्मपाल तिला पाहायला गेला तेव्हा नाव-गाव विचारायचं सोडून म्हणाला होता, एखादं गीत म्हणता का? रंजीतानं म्हटलं. दोन ओळींत तिनं सूर तीन ठिकाणी सोडला. सोबत गेलेल्या धनराजनं कपाळाला हात लावला, की गेली ही सोयरीक. अन् धम्मपाल म्हणाला, पसंत आहे! कानानं नाही म्हटलं अन् माणसानं हो म्हटलं, असं त्याच्या जन्मात तेवढंच एकदा झालं.

हा धनराज म्हणजे धम्मपालचा चुलतभाऊ. त्यानंच गावात बँड काढला, धनराज बँड पार्टी. धम्मपाल त्यात क्लारनेट वाजवायचा. दिवाळीनंतर लग्नं सुरू झाली की बँड, अन् पावसाळा लागला की दुसऱ्याच्या वावरात निंदण, सोंगणी, नाहीतर कोणाच्या भिंतीला चुना. असं त्याचं वर्ष कापलेलं होतं, अर्धं सुरात, अर्धं चिखलात. पत्र्याच्या डबीत तो क्लारनेटच्या पत्त्या ठेवायचा, म्हणजे तोंडात धरायच्या त्या वेताच्या चपट्या पट्ट्या, अन् त्या डबीला रंजीतानं हात लावला तर घरात महाभारत व्हायचं.

बँडात एक नियम होता. बाजा कोणताही घ्यायचा असो, धम्मपालच्या कानावरून गेल्याशिवाय घ्यायचा नाही. एकदा धनराजनं नागपूरहून झकपक पितळी ट्रम्पेट पाहून आणला, आरशासारखा. धम्मपालनं एकदाच फुंकून खाली ठेवला. "दिसाले नवरदेव हाये, पन घसा बकऱ्याचा हाये," म्हणाला. धनराज दुसऱ्या दिवशी बस पकडून तो परत देऊन आला. चार वर्षांपूर्वी धनराज वारला, त्याच्या आधी त्यानं पोराला जवळ बोलावून सांगितलं, "राजपाल, बँड तुहा. पन बाजा घ्याचा त काकाच्या कानावरून."

दुसरा नियम कोटांचा. जांभळ्या मखमलीचे, सोनेरी झालरीचे चौदा कोट. सीझनच्या सुरुवातीला मालक आपल्या अंगणात माणसं जमवायचा अन् आपल्या हातानं एकेकाला कोट द्यायचा. कोट मिळाला की सीझन पक्का. लिखापढी नाही, अंगठा नाही, काही नाही. कोट हाच कागद.

तर या वर्षी दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले, तरी कोटांचं नाव निघेना. निघाला तो कॉम्प्युटर.

राजपाल दुपारी आला, ओट्यावर बसला, पाणी प्याला अन् म्हणाला, "काका, उद्या वाशीमले चाला. कॉम्प्युटर ऐकाचा हाये."

"कॉम्प्युटर पाहाची वस्तू हाये का ऐकाची?"

"बाजाच हाये काका तो. आपल्या घरी मधल्या खोलीत बसून गानं बनवाचं. तुमचा क्लारनेट, गंगूकाकाचा ट्रम्पेट, सगळ्यायचे बाजे एकेक सूर करून त्याच्यात भरून घ्याचे. सा भरला, रे भरला, ग भरला. मंग मी कीबोर्डावर बोट ठेवलं का तुमचाच क्लारनेट वाजते. डीजेवाल्याजवळ काय हाये? सगळा उसना आवाज. आपल्याजवळ आपल्या बँडचा आवाज राहीन."

धम्मपालनं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "आन् मानसं?"

राजपाल खाली पाहायला लागला. आता तुम्ही लगेच त्याला शिव्या घालू नका, पोरगा वाईट नाही. लग्नवाले त्याला तोंडावर म्हणायचे, चौदा मानसं कायले आनतं बापू, चौदा ताटं वाढा लागतात, डीजे आणला त दोन पोट्टे येतात. मागच्या सीझनला निम्मी लग्नं हातची गेली होती. बापानं उभा केलेला बँड पोराच्या हातात मरतो आहे, हे त्याला दिसत होतं, अन् त्याला सुचला तो हा उपाय.

"या सीझनले गाड्यावर चार जन," तो म्हणाला. "मी, ढोलवाला, पॅडवाला आन् तुमी."

"मी काय करू? माहा क्लारनेट त मशीनमंदी राहीन."

"तुमी ऐकाचं. सूर गेला का मले सांगाचं. बाकीच्यायले मी अजून बोललो नाई. पाहू म्हटलं." मग तो उठला, अन् काकाला बरं वाटावं म्हणून मायेनं म्हणाला, "काका, तुमी गेल्यावर बी तुमचा क्लारनेट वाजत राहीन."

जिवंत माणसाच्या फोटोला हार घालावा तसं झालं धम्मपालला. पण पोराच्या डोळ्यात खरीच माया होती, म्हणून तो म्हणाला एवढंच, उद्या येतो.

संध्याकाळी गंगू आला. गंगू म्हणजे बँडचा ट्रम्पेट. तीस वर्षं धम्मपालच्या उजव्या हाताला चाललेला माणूस. वरातीत दोघांचे खांदे घासायचे. सोयाबीन काढायच्या यंत्रात, म्हणजे हडंब्यात, त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. तेव्हापासून त्याला वावरात कोणी बोलवत नव्हतं, विळा धरून ओळ काढणं जमत नव्हतं त्याला. पण ट्रम्पेटला लागतात उजव्या हाताची तीन बोटं, अन् ती शाबूत होती. गंगू हसत म्हणायचा, हडंब्याले बी समजत होतं मी कोन हाये ते. त्या संध्याकाळी मात्र तो हसत नव्हता.

"काय आयकून राह्यलो मी? कॉम्प्युटर आनते म्हने राजपाल?"

धम्मपालनं त्याला सगळं सांगितलं. लपवलं नाही. चार माणसांचं सांगितलं, त्यात आपण आहोत हेही सांगितलं.

गंगू उजव्या हाताची तीन बोटं मांडीवर आपटत बसला. मग म्हणाला, "मले दुसरं काय येते बे?"

एवढंच म्हणाला तो. धम्मपाल त्याच्याजवळ सरकला. "तू सोड," तो म्हणाला. "मशीन माह्याच कानावरून घेनार हाये ना तो? मी त्याले असं मशीन घ्याले लावतो का दोन लग्नात फजिती झाली पाहिजे. लोक हासतीन, मंग काढते निमूट कोट."

"तुले जमन?"

"काहून नाई जमनार? एक शब्द त बोलाचा हाये."

आत रंजीता भाकरी थापत होती, तिनं सगळं ऐकलं. गंगू गेल्यावर ती म्हणाली, "माय वं! तुमी आन् खोटं सांगनार? सुराचं?"

"मंग काय करू? त्याचं घर बुडू देऊ?"

तव्यावरची भाकरी उलटत ती म्हणाली, "मले पाहाले आले तवा कान कुठी ठेवला होता? उद्या बी तिथंच ठेवजा."

दुसऱ्या दिवशी दोघं मोटरसायकलवर वाशीमला गेले. दुकान सैफुद्दीनभाईंचं. सोनेरी काठाची पांढरी टोपी, नाकावर चष्मा, अन् टेबलावर उघडे पडलेले चार-पाच कॉम्प्युटर, पोट फाडून ठेवल्यासारखे. राजपालला आधी लॅपटॉप पाहिजे होता, गाड्यावर नेता येईल म्हणून. सैफुद्दीनभाईंनी मान हलवली.

"मे महिन्याची वरात, बाजूले जनरेटर, आन् त्याच्यात लॅपटॉप? अंडा फ्राय होईन भाई त्याच्यावर. गानं घरी बनवा, मोठ्या डब्ब्यावर बनवा. बनलेलं गानं गाड्यावर न्याले पेन ड्राइव्ह बस झाला."

मग ते धम्मपालकडे वळले. "देखो मास्टर, सातबारा काढाचा असल, फारम भराचा असल, तर कोनताही डब्बा चालते. गान्याचं काम अलग हाये. गान्याचं मशीन थकलं नाई पाहिजे, तापलं नाई पाहिजे आन् बोललं नाई पाहिजे."

"बोललं म्हंजे?"

"पंखा. आत पंखा राहते. माइकसमोर तो घरघर करल तर तुमच्या क्लारनेटमंदी मच्छर भरतीन."

दोन मशीनं त्यांनी समोर मांडली. एक जुनं, कुठल्याशा ऑफिसातून निघालेलं, पुसून-पासून ठेवलेलं. दुसरं नवं, काळं, महागाचं. आधी जुन्याला कीबोर्ड जोडला. सैफुद्दीनभाईंनी कुठलासा तयार क्लारनेटचा आवाज लावला अन् राजपालनं सा रे ग म वाजवलं.

धम्मपालला पहिल्याच सुराला कळलं. बोट पडत होतं आधी, अन् आवाज येत होता मागून. केसाएवढा उशीर. तुम्हाला आम्हाला कळला नसता, राजपाललाही कळला नाही, तो मजेत वाजवत होता. शिवाय आतला पंखा दम्याच्या म्हाताऱ्यासारखा चालू होता. हेच पाहिजे होतं धम्मपालला! याहून नामी मशीन त्याला दुवा मागूनही मिळालं नसतं.

"कसा हाये काका?"

"चांगला हाये," धम्मपाल म्हणाला.

निघाला शब्द. त्याला स्वतःलाच नवल वाटलं, इतका सहज निघाला. सैफुद्दीनभाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "मास्टर, सोचके बोला. जल्दी नाई हाये."

"काकानं सांगितलं ना भाई, झालं. बांधा," राजपाल म्हणाला, अन् पैसे वाचले म्हणून खुशीत पुन्हा कीबोर्डाकडे वळला. यावेळी त्यानं बापाची चाल धरली. नवरदेव मांडवाच्या दारात येतो तेव्हा वाजवायची, धनराजनं स्वतः बांधलेली चाल. तिच्यात मधोमध एक तान आहे, सुरावरून सूर धावत उतरतात. धम्मपालनं ती हजार वेळा वाजवली असेल.

इथं घात झाला. धम्मपालचा पाय फरशीवर पडायला लागला. तो मुद्दाम पाडत नव्हता हो, आपोआप पडत होता, जिथं पडायचा तिथंच. अन् मशीनचा सूर त्याच्या मागून येत होता, प्रत्येक वेळी. पाय पुढं, आवाज मागं. त्यानं पाय दुसऱ्या पायाखाली दाबला. बोट हलायला लागलं. बोट मुठीत धरलं. गंगूचा हात डोळ्यासमोर आणला, दोन बोटांची रिकामी जागा आणली. रंजीताचं ते बेसूर गीत आठवून पाहिलं. ती तान पुन्हा आली, धडपडत, एकमेकांवर पडत आली, अन् राजपाल तिसऱ्यांदा तीच धरणार तेवढ्यात धम्मपाल ओरडला, "बंद कर!"

दुकानातली सगळी गिऱ्हाईकं वळून पाहायला लागली.

"मागून येऊन राह्यला तो," धम्मपाल म्हणाला. "एकेक सूर मागून येऊन राह्यला. धनराजच्या चालीची माती करून राह्यलं ते मशीन. तुले समजत नाई का?"

"मंग तुमी चांगला काहून म्हटलं?"

"चुकलं माहं."

राजपाल हसला. "वय झालं काका तुमचं." सैफुद्दीनभाई मात्र हसले नाहीत. त्यांनी गुपचूप वायर काढून दुसऱ्या मशीनला लावली.

दुसरं मशीन म्हणजे काय सांगू! बोट पडलं की सूर हजर. पंखा आहे का नाही, कळत नव्हतं. ती तान अशी उतरली की धम्मपालच्या अंगावर काटा आला, अन् त्याच घटकेला त्याच्या मनात आलं, गेला गंगू.

"आता सांगा काका."

धम्मपालनं फरशीकडे पाहून सांगितलं, "हे बराबर हाये."

येताना तो खोका त्याच्याच मांडीवर होता. राजपाल गाडी चालवत होता, अन् मागे धम्मपाल दोन्ही हातांनी ते मशीन छातीशी धरून. रस्त्यात खड्डे काय कमी आहेत? एकेक खड्डा असा की नुसते हात ढिले सोडले असते तरी काम फत्ते. कोणी काही म्हणालं नसतं, खड्ड्याला शिव्या घातल्या असत्या सगळ्यांनी. अन् हा शहाणा प्रत्येक खड्ड्याला खोका मांडीवरून वर उचलत होता, आतलं काही हलू नये म्हणून. घरी पोचेपर्यंत त्याचे दंड भरून आले. आपलेच दंड, आपलाच कान, अन् त्यातलं काहीच आपलं ऐकत नाही, तर माणसानं जावं कुठं?

गंगू स्टँडवरच उभा होता. "कोनता घेतला बे?"

"घेतला राजपालनं एक," धम्मपाल म्हणाला. गंगूपुढं उभं राहणं त्याला जमलं नाही. गंगूही समजला की ठरल्याप्रमाणे झालं, अन् मान हलवून गेला.

आठ दिवसांनी राजपालनं सगळ्यांना सूर भरायला बोलावलं. दिवसाची मजुरी देतो म्हणाला. गडी धुतलेले शर्ट घालून, डोक्याला तेल लावून आले. कोणाला वाटलं आता आपण यूट्यूबवर दिसणार. एकानं तर दाढी केली होती, कॅमेरा कुठंच नव्हता तरी.

मधल्या खोलीत पाय ठेवला अन् पुढचा थांबला, मागचे त्याच्यावर आदळले. चारही भिंतींना कोट होते. जांभळ्या मखमलीचे चौदा कोट, बाह्या पसरून खिळ्यांनी ठोकलेले. आवाज भिंतीवर आपटून परत येऊ नये म्हणून जाड कापड पाहिजे, तर राजपालला दुसरं इतकं जाड काय सापडणार? तो बिचारा अगदी साध्या मनानं म्हणाला, "मखमल आवाज पेते. काकानंच टाळी वाजवून पाह्यली सकाळी."

पाहिली होती टाळी वाजवून. अन् ती कशी कोरडी पडते ते पाहून धम्मपालच्या तोंडून निघालंही होतं, हा, आता बराबर. त्यानंतर त्याला कळलं होतं, आपण काय बोललो.

माणसं आपापला कोट ओळखत उभी राहिली. ज्याच्या कोपराला ठिगळ तो ठिगळाकडे पाहत होता.  राजपाल उत्साहात होता, त्यानं मशीन चालू केलं अन् सगळ्यांना ऐकवलं. "पाहा, आवाजच नाई पंख्याचा. मी त जुनं डबडं घेऊन येत होतो, पैसेच देत होतो. काका ओरडले दुकानात! हे मशीन काकानं निवडलं. काका नसते त आपली फजितीच होती."

धम्मपालनं गंगूकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमत झाली नाही.

दुपारपर्यंत चार-पाच जणांचे सूर भरून झाले. पाणी प्यायला सगळे अंगणात आले तेव्हा रांजणापाशी गंगू त्याच्या बाजूला येऊन उभा राहिला.

"मी बोलनार होतो खोटं," धम्मपाल म्हणाला. "बोललो बी. पन मंग..."

"जाऊ दे," गंगू म्हणाला. त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "मशीनचं होऊन गेलं. आता आयक. मी माहा पंचम उतरवून फुकतो. थोडासाच. राजपालले कळत नाई. पंचम खोटा भरला गेला त लग्नात ट्रम्पेट खोटा वाजन, लोक तोंडं वाकडी करतीन, आन् मले बोलवा लागल. तुले काई बोलाचं नाई. खोटं बी नाई आन् खरं बी नाई. फक्त गप राहाचं. एवढं त जमन?"

"जमन," धम्मपाल म्हणाला, अन् मनापासून म्हणाला. खोटं बोलणं जमलं नाही, ठीक. पण गप बसायला काय लागतं? मुका माणूसही बसतो गप.

गंगू माइकसमोर उभा राहिला. धम्मपाल कोपऱ्यात खुर्चीवर, कानाला हेडफोन. राजपाल मशीनपाशी. सा भरला. रे भरला, गंधार भरला, मध्यम भरला. गंगूचा श्वासही हेडफोनात ऐकू येत होता, इतका जवळ की जणू धम्मपालच्याच छातीत चालला होता.

मग पंचम आला. उतरलेला. थोडासाच, गंगू म्हणाला होता तसा, बोटाच्या नखाएवढा.

धम्मपालनं दातावर दात रोवले. ओठ हलू दिले नाहीत, मान हलू दिली नाही, पाय खुर्चीच्या पायाला आवळून धरला. तोंडातून हूं का चूं निघालं नाही. पण राजपाल मशीनकडे पाहतच नव्हता. त्याला सूर कळत नव्हता. काकाचा चेहरा कळत होता. लहानपणी कीबोर्ड शिकताना तो बोटांकडे कधी पाहायचा नाही, समोर बसलेल्या काकाच्या चेहऱ्याकडे पाहायचा; काकाच्या भुवया जुळल्या की बोट सरकवायचं, अन् कपाळ मोकळं झालं की समजायचं, लागला.

"गंगूकाका, पुन्हा एक डाव," राजपाल म्हणाला. "काकाले नाई लागला."

"मी काई बोललो का?" धम्मपाल एकदम म्हणाला. "मी काईच बोललो नाई!"

"बोलले कुठी? चेहरा पाहा ना तुमचा."

गंगूनं पुन्हा फुंकला. पुन्हा उतरवून. यावेळी धम्मपालनं डोळे गच्च मिटून घेतले अन् खुर्चीतच भिंतीकडे तोंड फिरवलं, थेट एका कोटाच्या अस्तरात नाक खुपसलं. जुन्या घामाचा वास आला. सूर कानात शिरला, अन् त्याला हेडफोन काढून फेकावासा वाटला, पण हात उचलला गेला नाही.

"मान आखडली काकाची," मागून राजपाल म्हणाला. "अजून एक डाव गंगूकाका."

 मखमल सगळं पीत होती. धम्मपाल वळला. गंगू ट्रम्पेट खाली करून त्याच्याकडेच पाहत होता. किती वेळ पाहत होता कोण जाणे. धम्मपालचे डोळे भरून आले होते, अन् ओठ तेवढे अजून मिटलेले होते, घट्ट, दिलेल्या शब्दासारखे.

"तू गप होता बे," गंगू हळूच म्हणाला. "मी पाह्यलं."

"काय म्हटलं गंगूकाका?" राजपालनं विचारलं.

"काई नाई. घे तू."

त्यानं शर्टाच्या बाहीनं ओठ पुसले, ट्रम्पेट वर केला अन् पंचम लावला. खरा. तीस वर्षांत कुठल्या मांडवात, कुठल्या वरातीत गंगूनं असा पंचम लावला नव्हता. धम्मपालचं कपाळ आपोआप मोकळं झालं. ते त्याला स्वतःला जाणवलं, अन् ते आवरायला त्याच्याजवळ काहीच नव्हतं.

"लागला!" राजपाल म्हणाला. "आता धैवत."

गंगूनं धैवत दिला. मग निषाद दिला. उरलेले सगळे सूर त्यानं एकामागून एक खरे दिले. राजपालनं शेवटचं बटन दाबलं अन् मान वर न करताच म्हणाला, "झालं गंगूकाका, तुमचं काम झालं. झांजवाल्याले धाडा आत."